तेल न काढता थेट बियांपासून बायोडिझेल: आमचा पहिला प्रयोग फसला, नेमकं कुठे चुकलं?

सूर्यफूल_गट४

नमस्कार सगळ्यांना. आम्ही चौघं केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत आणि प्रोजेक्टला बायोडिझेल घेतलंय. आता बायोडिझेल म्हटलं की सगळे तेच करतात, तयार तेल आणायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक टाकायचं, तासभर ढवळायचं, खाली ग्लिसरीन वर बायोडिझेल, झालं. म्हणून आम्ही ठरवलं की तेल वेगळं काढायचंच नाही, बिया वाटायच्या आणि सरळ मिथेनॉलमध्ये टाकायच्या, म्हणजे एक्सपेलर (तेल दाबून काढायचं यंत्र) नको, तेल विरघळवून काढणारं हेक्झेन नको, तेल गाळत बसणं नको, सगळं एकाच भांड्यात.

पहिला प्रयोग असा केला. सूर्यफुलाच्या बिया टरफलासकट मिक्सरमधून काढल्या, त्यातली ५० ग्रॅम भरड घेतली, १०० मिली मिथेनॉलमध्ये ०.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात टाकली आणि ६० अंशाला दोन तास ढवळलं. मग गाळायला घेतलं तर फिल्टर पेपर लगेच चोंदला, जवळजवळ अर्धा दिवस गाळण्यातच गेला. गाळलेला द्रव तापवून मिथेनॉल उडवलं तर खाली तपकिरी, चिकट, थंड झाल्यावर मलमासारखं काहीतरी राहिलं. धुवायला पाणी घातलं तर सगळं पांढरं दुधासारखं झालं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच होतं, थर काही वेगळे झाले नाहीत.

म्हणजे बायोडिझेल झालंच नाही, की झालं पण साबणात अडकलं? आणि दुसरा प्रश्न म्हणजे ही पद्धत खरंच फायद्याची आहे का, कारण वाचताना सगळीकडे खर्च वाचतो असं लिहिलंय पण मग मोठे कारखाने असं का करत नाहीत? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, आमच्याकडे अजून दीड-दोन महिने आहेत.

वजनकाटा

तुमचं बायोडिझेल झालं होतं, नंतर तुम्हीच ते बिघडवलं. पद्धत चुकीची नाहीये. एकेक करून बघू.

आधी हिशेब. ५० ग्रॅम सूर्यफुलात ४० टक्के तेल धरलं तर २० ग्रॅम. तेलाचा रेणुभार साधारण ८८० धरा, म्हणजे ०.०२३ मोल तेल. १०० मिली मिथेनॉल म्हणजे ७९ ग्रॅम, जवळजवळ २.५ मोल. म्हणजे दर एका तेलाच्या रेणूमागे तुम्ही १०९ रेणू मिथेनॉल दिलंत. रिॲक्शनला लागतात फक्त ३, नेहमीच्या पद्धतीत ६ देतात. तेव्हा मिथेनॉल कमी पडलं असं अजिबात नाही.

आता साबण. ०.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा म्हणजे १२.५ मिलिमोल. हा सगळाच्या सगळा साबणात गेला तर ३.८ ग्रॅम साबण तयार होतो, म्हणजे तुमच्या २० ग्रॅम तेलातला जवळपास पाचवा हिस्सा. एवढा साबण एस्टरमध्ये, म्हणजे बायोडिझेलमध्ये, असला की पाणी घातल्यावर दूध होणारच, त्यात नवल काही नाही.

तर मग साबण आला कुठून? तीन ठिकाणांहून. एक म्हणजे बियांमधलं पाणी. तुम्ही बिया वाळवल्याचं लिहिलेलं नाही. कोरड्या वाटणाऱ्या बियांमध्येसुद्धा ६ ते १० टक्के ओलावा असतो, ८ टक्के धरला तर तुमच्या भांड्यात ४ ग्रॅम पाणी आधीच होतं, आणि पाणी आणि अल्कली (इथे कॉस्टिक) एकत्र असले की तयार झालेला एस्टरसुद्धा फुटून साबण होतो. दुसरं, बिया जुन्या असतील किंवा भरडून काही दिवस ठेवल्या असतील तर त्यात मोकळी फॅटी ॲसिड वाढतात, ती कॉस्टिक लगेच खातात. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं आणि ते बहुतेक सगळ्यांच्या हातून होतं: तुम्ही कॉस्टिक न्यूट्रल न करताच मिथेनॉल उडवलंत. मिथेनॉल जसजसं कमी होत जातं तसतसं कॉस्टिक आणि पाणी उरलेल्या द्रवात घट्ट होत जातं, साबण होण्याचा वेग वाढतो, शिवाय ग्लिसरीन तिथेच असल्यामुळे रिॲक्शन उलटी फिरायला लागते, एस्टरचं परत मोनोग्लिसराइड वगैरे, म्हणजे अर्धवट बदललेलं तेल, व्हायला लागतं. मोनोग्लिसराइड हे स्वतःच इमल्शन (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) धरून ठेवणारं असतं. म्हणून गाळून झालं की लगेच ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच ७ च्या जवळ आणायचा आणि मगच रोटाव्हेपरला (व्हॅक्यूमवर फ्लास्क फिरवत सॉल्व्हंट उडवून परत मिळवायचं यंत्र) लावायचं.

पुढच्या वेळी असं करा. टरफलं काढून फक्त गर घ्या, टरफलात तेल जवळजवळ नसतंच पण ती मिथेनॉल मात्र पिऊन बसतात. गर ७०-८० अंशाला वाळवा, व्हॅक्यूम ओव्हन असेल तर उत्तमच. १०५ अंशाला फक्त ओलावा मोजायचं छोटं सॅम्पल ठेवा, सगळा माल तिथे ठेवू नका, सूर्यफुलाचं तेल लिनोलेइकवालं आहे, हवेत जास्त तापवलं की खराब होतं. ओलावा २ टक्क्यांच्या खाली आला की डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं) ठेवा आणि त्याच दिवशी वापरा, कारण वाळलेला गर हवेतलं पाणी परत ओढून घेतो.

दळण्याबद्दल: गरात निम्मं तेल असतं त्यामुळे मिक्सरमध्ये सलग फिरवलं तर पीठ न होता लगदा होतो आणि लगद्यात मिथेनॉल शिरत नाही. गर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये गार करा, दोन-दोन सेकंद थांबत थांबत फिरवा, चाळा, चाळणीवर राहिलेलं परत फिरवा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा. त्याहून बारीक केलंत तर तेल जास्त येईल पण परत फिल्टर चोंदेल. गाळताना आधी जाड सुती कापड, मग पेपर, तेही व्हॅक्यूमवर.

आणि वाळलेल्या गरात एकूण तेल किती आहे ते सॉक्सलेटने (गरम सॉल्व्हंट परत परत फिरवून तेल काढायचं उपकरण) हेक्झेनमध्ये काढून आधी मोजून ठेवा. तो आकडा नसेल तर नंतर यील्ड किती आला हे कशाच्या जोरावर सांगणार?

ऊर्ध्वपातन

वजनकाटा यांनी प्रयोगाचं सांगितलंच आहे, मी दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो, की कारखाने असं का करत नाहीत. मी सॉल्व्हंट रिकव्हरीच्या कामात बरीच वर्षं आहे त्यामुळे माझी नजर आधी मिथेनॉल परत मिळवण्याकडेच जाते.

कल्पना जुनी आहे. १९८५ साली हॅरिंग्टन आणि डार्सी-इव्हान्स यांनी सूर्यफुलाच्या बियांवरच हे सल्फ्युरिक ॲसिड वापरून केलं होतं आणि तेल वेगळं काढून केलेल्यापेक्षा एस्टर जास्त मिळाला होता. मग २००४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या फ्लेक्सवर (पातळ चपटे तुकडे) कॉस्टिक सोडा वापरून झालं. त्यात ६० अंशाला दर मोल तेलामागे २२६ मोल मिथेनॉल लागलं होतं आणि २३ अंशाला ५४३ मोल.

हे आकडे मोलमध्ये वाचले की काहीच जाणवत नाही. किलोत करा. २२६ मोल म्हणजे ७.२ किलो मिथेनॉल, ८८० ग्रॅम तेलासाठी. म्हणजे एक किलो तेलाला ८.२ किलो मिथेनॉल. त्यातलं रिॲक्शनमध्ये खर्च होतं फक्त ०.११ किलो, बाकी सगळं उकळवून परत मिळवायचं. मिथेनॉलची वाफ करायला किलोला साधारण १.१ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ९ मेगाज्यूल, आणि एका किलो बायोडिझेलमध्ये ऊर्जा असते ३७-३८ मेगाज्यूल. चौथा हिस्सा नुसता मिथेनॉल उडवण्यात गेला! ५४३ चा हिशेब केलात तर २१-२२ मेगाज्यूल येतात, निम्म्याहून जास्त. आणि नेहमीच्या ६ मोलच्या पद्धतीत जास्तीचं मिथेनॉल असतं जेमतेम ०.११ किलो, त्याला ०.१२ मेगाज्यूल. हा फरक बघितला की कारखाने का करत नाहीत ते कळतं.

बरं, तेल हेक्झेनने काढतात त्यातही सॉल्व्हंट उडवावंच लागतं की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण हेक्झेनची वाफ करायला किलोला साधारण ०.३३ मेगाज्यूल पुरतात, मिथेनॉलच्या एक तृतीयांश. आणि मिथेनॉल बियांमधलं पाणी स्वतःत ओढून घेतं, हेक्झेन नाही घेत, त्यामुळे परत मिळालेलं मिथेनॉल दर वेळी कॉलममधून सुकवावं लागतं.

मोठ्या प्लँटमध्ये वाफेची उष्णता पुन्हा पुन्हा वापरून हा आकडा पुष्कळ खाली आणता येतो, ते मी नाकारत नाही. पण प्रोजेक्टमध्ये "एक्सपेलर लागत नाही म्हणून स्वस्त" एवढंच लिहून सोडू नका, एक्सपेलरची मेहनत वाचते आणि ती डिस्टिलेशनवर जाऊन बसते, हे स्पष्ट लिहा.

सूर्यफूल_गट४

बापरे, किलोमध्ये कधी बघितलंच नव्हतं आम्ही. सगळ्या पेपरात मोलर रेशो दिलेला असतो आणि १०९ आणि २२६ मध्ये काय एवढं, असं वाटत होतं.

वजनकाटा सर, न्यूट्रल न करता उडवलं हे अगदी खरं, ते डोक्यातच आलं नाही. बिया पण वाळवल्या नव्हत्या.

ऊर्ध्वपातन सर, एक शंका. सोयाबीनला २२६ लागलं पण मग सगळ्याच बियांना तेवढंच लागणार का? आणि आमच्या गटात एकाचं म्हणणं असं की एक्सपेलरमधून निघालेल्या पेंडीत तेल उरतंच, तर तीच पेंड घेऊन थेट मिथेनॉलमध्ये टाकली तर फुकटचं बायोडिझेल मिळेल ना? दुसरं म्हणजे आमच्याकडे थोडं मोगली एरंडाचं (जट्रोफा) बी पण आहे, ते खायचं तेल नाही म्हणून प्रोजेक्टला जास्त शोभेल असं वाटतंय.

घाणेकरी

पेंडीवरचं मी सांगतो, माझं सगळं आयुष्य तेलबिया दाबण्यात चाललंय.

एक्सपेलरच्या पेंडीत ६ ते १० टक्के तेल राहतं हे खरं आहे. पण तुम्ही तेल किती ते बघताय, मिथेनॉल कशाला लागतं ते बघत नाही. मिथेनॉल लागतं ते भुकटी भिजायला, ती ढवळता येण्याइतकी पातळ व्हायला. तेल कमी असो की जास्त, एक किलो भुकटीला साधारण दोन लिटर लागणारच. तुम्हीही ५० ग्रॅमला १०० मिलीच घेतलंत ना?

मग मांडा. गरात ५० टक्के तेल, एक किलो तेलाला दोन किलो गर, चार लिटर मिथेनॉल. अख्खं सूर्यफूल ४० टक्के, अडीच किलो, पाच लिटर. सोयाबीन २० टक्के, पाच किलो, दहा लिटर, आणि वर ऊर्ध्वपातन यांनी सांगितलेले ८.२ किलो म्हणजे लिटरमध्ये दहाच होतात, बघा कसं जुळतं. आणि पेंड ८ टक्क्यांची, साडेबारा किलो, पंचवीस लिटर मिथेनॉल एका किलो तेलासाठी! त्याला २२ मेगाज्यूल लागतील. फुकटचं कुठलं, सगळ्यात महागात पडणारं आहे ते.

म्हणून माझं मत सरळ आहे, बी आधी दाबा, निघालेल्या तेलाचं नेहमीच्या पद्धतीने बायोडिझेल करा, पेंड पेंड म्हणून वापरा. थेट पद्धत करायचीच तर ज्याच्यात तेल भरपूर आहे त्याच्यावर करा, गर काढून करा.

ऊर्ध्वपातन

घाणेकरी यांनी जे मांडलं ते पेपरात इतकं सोपं करून सांगितलेलं मी तरी वाचलं नव्हतं. मोलर रेशो बी बदललं की बदलतो म्हणून सगळे गोंधळतात, पण लिटर मिथेनॉल दर किलो भुकटीमागे असं लिहिलं की सगळे प्रयोग एका रांगेत येतात. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे द्या.

फक्त दाबाच आणि दुसरं काही करू नका याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. त्या २००४ च्या लोकांनीच पुढे २००७ मध्ये दाखवलं की फ्लेक्स आधी नीट वाळवले तर मिथेनॉल निम्म्याहून कमी लागतं. म्हणजे ओलावा हा फक्त साबणाचा प्रश्न नाहीये, मिथेनॉल किती लागणार हे पण तोच ठरवतो. अर्थात वाळवायला उष्णता लागते, पाण्याची वाफ करायला किलोला २.३ मेगाज्यूलच्या आसपास, पण पाच किलो सोयाबीनमधून सात टक्के पाणी काढलं तर ते ०.३५ किलोच होतं, म्हणजे ०.८ मेगाज्यूल, आणि त्या बदल्यात मिथेनॉलचे चारपाच मेगाज्यूल वाचतात. हा सौदा चांगला आहे, आणि वाळवायला ऊन वापरता येतं, मिथेनॉल उडवायला उन्हात ठेवता येत नाही.

टायट्रेशन

मोगली एरंडाबद्दल. त्याच्या आधी त्या बियांची मोकळी फॅटी ॲसिड मोजा. थोडं तेल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, फेनॉल्फ्थॅलीन टाका, ०.१ नॉर्मल अल्कलीने टायट्रेट करा. १ टक्क्याच्या आत असेल तर अल्कली वापरा. २-३ टक्क्यांच्या वर गेलं तर अल्कलीच्या मागे लागू नका, साबणच होईल, आणि जुन्या, ओल लागलेल्या मोगली एरंडात ते दहाच्या वर गेलेलं मी स्वतः मोजलंय.

तिथे सल्फ्युरिक ॲसिड चालतं, ते मोकळ्या ॲसिडचा पण एस्टर करतं आणि तेलाचा पण. पण अल्कलीच्या मानाने फार म्हणजे फारच हळू. २०१० मध्ये मोगली एरंडावर हेच केलेलं प्रसिद्ध झालंय, ६० अंश, २४ तास, ०.३५५ मिलिमीटरपेक्षा बारीक भुकटी, सोबत हेक्झेन को-सॉल्व्हंट म्हणून, मिथेनॉल दर ग्रॅम बीला ७.५ मिली, ॲसिड १५ टक्के, आणि एस्टर ९९ टक्क्यांच्या वर. यील्ड बघून खूश व्हायच्या आधी ७.५ मिली बघा. घाणेकरींच्या दोन लिटरच्या जागी साडेसात लिटर झाले.

हेक्झेन का घालतात तर तेल मिथेनॉलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. थेट पद्धतीत तेल आधी बाहेर येऊन मग एस्टर होतो असं नसतं, मिथेनॉल आणि कॅटलिस्ट (ॲसिड किंवा अल्कली) भुकटीच्या आत शिरतात, तिथेच एस्टर होतो आणि एस्टर मिथेनॉलमध्ये विरघळतो म्हणून बाहेर येतो. को-सॉल्व्हंटने तेल पण बाहेर यायला लागतं. फक्त मग दोन सॉल्व्हंट वेगळे करत बसावं लागतं.

पेंडीचं लक्षात ठेवा, मोगली एरंडाच्या पेंडीत दोन विषं असतात, त्यातलं कर्सिन उष्णतेने निकामी होतं, पण फोर्बॉल एस्टर उष्णतेला दाद देत नाहीत. ते मिथेनॉलमध्ये बऱ्यापैकी विरघळतात, म्हणजे पेंडीतून कमी होतात आणि तुमच्या द्रवात येतात. पेंड "आता सुरक्षित" असं मोजल्याशिवाय कुठेही लिहू नका, आणि हाताळताना ग्लोव्हज घाला. सरकीवर मात्र याच गोष्टीचा फायदा झालेला आहे, सरकीतलं विषारी गॉसिपॉल मिथेनॉलबरोबर निघून जातं आणि पेंड जनावरांना चालण्याइतकी होते असं २००८ मध्ये दाखवलंय, तिथे ओलावा २ टक्क्यांच्या आत होता आणि ४० अंशाला तीन तासात काम झालं होतं. मला विचाराल तर थेट पद्धतीला खरा जीव इथे आहे, एकाच मिथेनॉलमध्ये इंधन पण आणि विष काढणं पण.

पानगळ

मधेच विचारतेय, साधा एरंड का नाही घेत कुणी? त्याचं तेल तर अल्कोहोलमध्ये विरघळतं असं वाचलंय.

टायट्रेशन

विरघळतं, रिसिनोलेइक ॲसिडमुळे, ते त्यात ९० टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे थेट पद्धत एरंडावर सोपी जाते. पण त्याचा एस्टर फार घट्ट असतो ताई. युरोपियन स्टँडर्ड ईएन १४२१४ मध्ये ४० अंशाला व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ३.५ ते ५.० पाहिजे, एरंडाचा एस्टर १३ च्या वर जातो. दुसऱ्या बायोडिझेलमध्ये थोडा मिसळायला ठीक आहे, एकटा नाही चालणार. आणि पेंडीत रिसिन असतं, मोगली एरंडाच्या कर्सिनपेक्षा किती तरी जहाल.

फ्यूम_हुड

एवढी चर्चा झाली पण सुरक्षिततेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय, आणि मुलांनो हे कृपया मनावर घ्या. पहिल्या पोस्टमध्ये "द्रव तापवून मिथेनॉल उडवलं" असं लिहिलंय, ते कुठे उडवलं? उघड्या बीकरमध्ये हॉटप्लेटवर?

मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं पण त्याचा फ्लॅश पॉइंट ११-१२ अंश आहे, म्हणजे साध्या खोलीतसुद्धा त्याची वाफ पेट घ्यायला तयारच असते, हवेत ६ टक्क्यांपासून ३६ टक्क्यांपर्यंत कुठेही. आणि पेटलं तर दिवसाउजेडी ज्योत दिसतच नाही, हात भाजल्यावर कळतं. वाफ नाकातून जाते, द्रव कातडीतूनही जातो, आणि शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं जे डोळ्यांच्या नसेवर जातं. मी एका लॅबमध्ये उघड्या बीकरला लागलेली आग विझवलेली आहे, त्या मुलीच्या हातावर अजून डाग आहेत, म्हणून एवढं पोटतिडकीने सांगतोय.

रिॲक्शन रिफ्लक्स कंडेन्सर (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारा) लावून, फ्यूम हुडमध्ये, वॉटर बाथवर. मिथेनॉल काढायचं ते रोटाव्हेपरने किंवा बंद डिस्टिलेशनने, उघड्यावर कधीच नाही. कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळताना गरम होतं, हळूहळू टाका, चष्मा लावून. आणि बिया मिथेनॉलमध्ये भिजवून मिक्सरमध्ये फिरवू नका, मिक्सरच्या मोटरला ठिणगी पडते. दळायचं ते कोरडंच. गाळून राहिलेला ओला चोथा पण मिथेनॉलने भरलेला असतो, तो कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जाऊ नका.

सूर्यफूल_गट४

फ्यूम_हुड सर, हो, उघड्या बीकरमध्येच उडवलं होतं. परत नाही करणार. आमच्या मॅडमना तुमची पोस्ट दाखवली, त्यांनी आता रोटाव्हेपर वापरायची परवानगी काढून दिलीय.

सूर्यफूल_गट४

तीन आठवड्यांनी परत आलोय, रिझल्ट घेऊन. मोगली एरंड सोडून दिलं, टायट्रेशन केलं तर फॅटी ॲसिड ७ टक्क्यांच्या वर निघालं.

सूर्यफुलाचा गर हाताने सोलला (चौघांना दोन संध्याकाळी लागल्या), ७५ अंशाला वाळवला, ओलावा १.६ टक्के आला. फ्रीझरची युक्ती एकदम मस्त चालली, लगदा झाला नाही. सॉक्सलेटने ५० ग्रॅम गरात २४.८ ग्रॅम तेल निघालं. मग ५० ग्रॅम गर, १०० मिली मिथेनॉल, ०.५ ग्रॅम कॉस्टिक, ६० अंश, दोन तास, रिफ्लक्सवर. कापडातून मग पेपरमधून व्हॅक्यूमवर गाळलं, वीस मिनिटात झालं! चोथा दोनदा ३०-३० मिली मिथेनॉलने धुतला. ॲसेटिक ॲसिडने न्यूट्रल केलं, रोटाव्हेपरला लावलं, आणि थंड झाल्यावर सेपरेटिंग फनेलमध्ये चक्क दोन थर दिसले. खालचा गडद ग्लिसरीनचा, वरचा सोनेरी. कोमट पाण्याने न हलवता हळूच धुतलं, दूध नाही झालं. सुकवून वजन केलं २०.६ ग्रॅम, म्हणजे ८३ टक्के.

३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकून बघायची टेस्ट पण केली, एकदम काचेसारखं स्वच्छ, तळाला एक थेंब नाही. म्हणजे रिॲक्शन पूर्ण झाली असं लिहू ना?

मिथेनॉल एकूण १६० मिली वापरलं त्यातलं ११८ मिली परत मिळालं.

वजनकाटा

अरे वा! हातात पहिल्यांदा दोन थर दिसतात तेव्हा काय वाटतं ते मला माहितीये. मनापासून अभिनंदन.

पण ३-२७ च्या टेस्टवरून रिॲक्शन पूर्ण झाली असं लिहू नका. ती टेस्ट नेहमीच्या पद्धतीसाठी ठीक आहे, तिथे न बदललेलं तेल बायोडिझेलमध्येच राहतं आणि मिथेनॉलमध्ये न विरघळता तळाला बसतं. तुमच्या पद्धतीत न बदललेलं तेल बाहेरच येत नाही, ते चोथ्यात बसून राहतं. त्यामुळे अर्धंच तेल बदललं असतं तरी ही टेस्ट स्वच्छच आली असती. ती तुम्हाला जे बाहेर आलं ते चांगलं आहे एवढंच सांगते. किती बाहेर आलं नाही हे चोथा सांगेल, तो वाळवून सॉक्सलेटला लावा.

सूर्यफूल_गट४

लावला सर. हेक्झेनमध्ये १.९ ग्रॅम निघालं. म्हणजे २०.६ आणि १.९ मिळून २२.५, २४.८ मधले २.३ ग्रॅम अजून सापडत नाहीयेत.

वजनकाटा

ते साबणात आणि धुण्याच्या पाण्यात असणार. तुमचं कॉस्टिक जास्तीत जास्त ३.८ ग्रॅम साबण करू शकतं, त्यामुळे २ ग्रॅमच्या आसपास गेलं असेल तर हिशेब पटण्यासारखा आहे. ग्लिसरीनच्या थरातलं थोडं सॅम्पल ॲसिडने फोडून बघा, वर फॅटी ॲसिड तरंगून येईल ते मोजा. पुढचा प्रयोग ०.३५ ग्रॅम कॉस्टिकवर करा, तुमचा ओलावा आता एवढा कमी आहे की चालून जाईल असं वाटतं.

ऊर्ध्वपातन

मी मिथेनॉलवरच येणार. २४.८ ग्रॅम तेलाला रिॲक्शनमध्ये २.७ ग्रॅम मिथेनॉल लागतं, म्हणजे ३.४ मिली. तुमचं ४२ मिली गेलं. बाकीचं सगळं चोथ्यात आणि रोटाव्हेपरच्या पंपात गेलंय. चोथा कसा वाळवलात, हुडमध्ये पसरून? तसं असेल तर पुढच्या वेळी ओला चोथाच गोल तळाच्या फ्लास्कमध्ये घालून रोटाव्हेपरला लावा आणि रिसीव्हर बर्फात ठेवा, २५ मिली तरी परत मिळेल.

आणि वेळ असेल तर एक प्रयोग जरूर करा. गाळलेला द्रव न्यूट्रल न करता, न उडवता, तसाच दुसऱ्या ५० ग्रॅम ताज्या वाळवलेल्या गरावर घाला, थोडंसंच नवीन कॉस्टिक टाका. त्यात मिथेनॉल अजून भरपूर शिल्लक आहे, मग ते एकाच तेलासाठी का उकळवायचं? दोन घाणे मिळून एकदाच उडवायचं. दुसऱ्या खेपेला यील्ड थोडा पडेल कारण पाणी आणि ग्लिसरीन साठत जातं, पण दर ग्रॅम एस्टरमागे मिथेनॉल जवळजवळ निम्म्यावर येईल. तिसऱ्या खेपेला किती पडतो तो आलेख तुमच्या प्रोजेक्टचा गाभा होऊ शकतो.

सूर्यफूल_गट४

चोथा हुडमध्येच पसरला होता. उद्यापासून परत गर सोलायला बसतोय, या वेळी १५० ग्रॅम. तीन खेपांचे आकडे आले की इथेच टाकतो.

घाणेकरी

गर सोलायचा तर बिया आधी थोड्या वाळवून घ्या, टरफल सुटं होतं, मग हलक्या हाताने लाटणं फिरवा आणि सुपात पाखडा. दोन संध्याकाळचं काम तासाभरात होईल.